'ध चा मा', थकलेला पगार आणि आजचं एचआर सॉफ्टवेअर

नारायण पेठेचं नाव नारायणराव पेशव्यांवरून पडलं, हे पुण्यात बहुतेकांना ठाऊक असतं. ते कसे गेले, हेही ठाऊक असतं. पण ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात शिरलेले गारदी कशासाठी गलका करत होते, असं विचारलं की माणसं जरा अडखळतात. ते थकलेला पगार मागत होते.

माझ्या पीएचडीचा विषय ऐकायला रुक्ष आहे. कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागातली, म्हणजे एचआरची, बरीच कामं आता आपोआप चालतात. नवा माणूस रुजू झाला की त्याची नोंद होते, रजेचा अर्ज वरिष्ठांकडे जातो, महिनाअखेरीस पगार निघतो. एक पायरी संपली की पुढची सुरू. ही साखळी मध्येच तुटली तर सगळं कोलमडू नये, यासाठी तिची आखणी कशी करावी, हे मी अभ्यासतो. मग यात पेशवे कुठून आले? तर हजेरी, पगार, हुकूम आणि मंजुरी ही कामं संगणकाच्या कितीतरी आधीची आहेत. ती कशी बिघडायची याच्या नोंदी आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्यातल्या पुष्कळशा पुण्यातच आहेत.

दोन प्रकारचे पगार

आधी त्या काळचे पगार कसे होत, ते बघू. मराठी फौजेचा मोठा भाग सरंजामावर चाले. सरदाराला एखाद्या मुलखाचा महसूल लावून दिलेला असे आणि त्यातून त्याने ठरलेली फौज बाळगायची. म्हणजे शिपायाच्या पगाराची जबाबदारी सरदाराची, पेशव्यांच्या खजिन्याची थेट नव्हे. उशीर झाला तरी निदान मुलूख हातात असे.

गारद्यांचं तसं नव्हतं. युरोपीय धर्तीवर कवायत शिकलेलं हे पायदळ रोख पगारावर चाले. त्यांच्यामागे ना मुलूख, ना वतन. महिन्याचे पैसे आले नाहीत तर हातात काहीच नाही. इब्राहिमखान गारदी आठवतो ना? पानिपतच्या लढाईची हकीकत लिहिणारा काशीराज सांगतो, की आपल्या माणसांच्या नियमित पगाराचा हट्ट धरल्यामुळे भाऊसाहेबांची आपल्यावर नाराजी होती, हे इब्राहिमखानाने लढाईच्या दिवशीच त्यांना बोलून दाखवलं. म्हणजे १७६१ मध्येसुद्धा वेळेवर पगार मागणं हा हट्ट वाटत होता.

पुढे माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले. मरणापूर्वी त्यांनी लिहून ठेवलेल्या कलमांत राज्याचं कर्ज फेडण्याची आज्ञा होती. कर्ज डोक्यावर, घरात काका-पुतण्यांचं वैर, आणि गादीवर सतरा वर्षांचे नारायणराव. अशा वेळी रोख पगारावरच्या पलटणीची थकबाकी ही नुसती हिशोबाची बाब राहत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. नारायणरावांचा खून केवळ पगारासाठी झाला, असं मी म्हणत नाही. तो सत्तेसाठीचा कट होता आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी धरलं. पगाराची मागणी हा बऱ्याच अंशी बहाणा होता. पण बहाणा तोच चालतो जो रोजचा वाटतो. थकबाकीसाठी शिपायांनी गर्दी करणं कुणाला नवल वाटण्यासारखं नव्हतं, आणि माझ्या दृष्टीने खरी गोष्ट ती आहे.

एक अक्षर आणि चार हात

'ध चा मा' तर सगळ्यांनाच माहीत. रघुनाथरावांनी 'धरावे' असा हुकूम दिला आणि आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं. ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात ही गोष्ट छापली. तो कागद आज कुणी दाखवू शकत नाही, त्यामुळे बाईंवरचा आरोप ऐकीव म्हणूनच घ्यायला हवा. पण ही गोष्ट अडीचशे वर्षं लोकांना पटते, त्याचं कारण काय? असा कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बदलू शकतो आणि बजावणाऱ्याकडे तो ताडून बघायची सोय नसते, हे आपल्याला लगेच खरं वाटतं.

गंमत अशी, की मराठी कारभाराला ही अडचण चांगली ठाऊक होती. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था दिली आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे अधिकारी, जोडीला कारखानीस. हजेरीपट सबनिसाकडे, कोठाराचा हिशोब कारखानिसाकडे. कुणा एकाच्या मनात आलं म्हणून किल्ला जाऊ नये, ही त्यामागची कल्पना. पेशवाईत हीच पद्धत कागदांत उतरली. दफ्तरात रोजच्या व्यवहाराची रोजकीर्द, त्यावरून विषयवार खतावणी, त्यावरून वर्षाचा तर्जुमा. तोच पैसा वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या कारकुनांच्या हातून उमटे. एका ठिकाणी खाडाखोड केली तर दुसरीकडे मेळ बसायचा नाही.

'धरावे' हा हुकूम मात्र या वाटेने गेलाच नाही. तो कटाचा कागद, जाणारही नव्हताच. व्यवस्थेला वळसा घालणारी वाट उघडी असली की आतल्या सगळ्या तपासण्या वाया जातात.

पेशवा नसताना चाललेलं दफ्तर

खुनानंतर काय झालं, ते आमच्या विषयात जास्त महत्त्वाचं. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके वगैरे मंडळींनी एकत्र येऊन कारभार हाती घेतला. हेच बारभाई. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि दीडेक महिन्याच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. हुकूम निघत राहिले, हिशोब लिहिले जात राहिले. माणूस गेला तरी प्रत्येक कामाची पायरी आणि ती कुणाची, हे ठरलेलं होतं म्हणून हे जमलं.

हेच दफ्तर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ढासळलं. मामलती जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरली की संपलं, मग तपशिलाचा हिशोब तपासायचा कुणी आणि कशाला? दफ्तराची आबाळ झाली, लोक कागद घरी नेऊ लागले, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे. जे उरलं ते आज कौन्सिल हॉलच्या परिसरातल्या पेशवे दफ्तरात आहे. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड काढले.

अडलं तर कुणाकडे?

आता मुद्द्यावर येतो. एवढ्या चोख दफ्तरात, पगार थकला तर शिपायाने काय करायचं, याची खात्रीची वाट नव्हती. मग लोकांनी ती स्वतः काढली: धरणं. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या टॉमस ब्रॉटनने याचं वर्णन केलंय. थकबाकी मागणारे दारात बसत, स्वतः उपाशी राहत आणि ज्याच्याविरुद्ध धरणं आहे त्यालाही जेवता येत नसे. म्हणजे तक्रार वर पोचवायची एक प्रक्रियाच, फक्त ती व्यवस्थेच्या बाहेर होती. बाहेरच्या वाटेवर कोण कुठल्या हेतूने मिसळेल, याचा भरवसा नसतो. ३० ऑगस्टला तेच झालं.

पगाराला तारीख बांधून देण्याचं काम आपल्याकडे कायद्याने बरंच उशिरा केलं. १९३६ च्या वेतन कायद्याने, हजारापेक्षा कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याची ७ तारीख, नाहीतर १० तारीख, ही मुदत घातली. तारखेसोबत दाद मागायला अधिकारीही नेमला, ही त्यातली मोठी गोष्ट.

आज सॉफ्टवेअर आखतानाही आपण चालू वाट फार प्रेमाने आखतो. अर्ज आला, मंजूर झाला, पैसे गेले. अडलेली वाट मात्र 'एचआरला ईमेल करा' एवढ्यावर सोडून देतो. हजेरीच्या यंत्राने बोटाचा ठसा ओळखला नाही, म्हणून चार दिवस गैरहजेरी लागली आणि पगार कापला गेला. तो माणूस जाणार कुठे? मंजुरी देणारा साहेब नोकरी सोडून गेला, अर्ज त्याच्याच नावावर पडून. बँकेकडून उत्तर आलं नाही म्हणून यंत्रणेने पगाराची पायरी पुन्हा चालवली आणि पैसे दोनदा गेले.

तुमच्या ऑफिसात अशी यंत्रणा असेल तर हे चार प्रश्न विचारून बघा. मंजुरी देणारा नसेल तर काम ठरलेल्या मुदतीनंतर दुसऱ्या कुणाकडे जातं का? तीच पायरी दोनदा चालली तरी पैसे एकदाच जातात का? हुकूम कुणी, कधी बदलला, याची नोंद बदलणाऱ्याच्या हाताबाहेर राहते का? आणि यंत्रणा बंद पडली तर हातानं पगार काढायची पद्धत कुणाला येते का, की ती येणारा शेवटचा माणूस गेल्या वर्षी निवृत्त झाला?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं प्रोग्रामर देऊ शकतो. चौथ्याचं उत्तर साहेबांना द्यावं लागतं, कारण त्यासाठी एका माणसाचा पगार चालू ठेवावा लागतो. खर्च कमी करायला बसलेल्या बैठकीत नेमकं तेच पद आधी कापलं जातं.