निकेल गेलं कुठं?

पोखर्णीच्या नृसिंहाला जाताना माझ्या खिशात आजीने दिलेला एक रुपया असतो. 1950 सालचा, निकेलचा, वजनाला तोळाभर. लोहचुंबक जवळ नेला की टचकन चिकटतो. माझ्याकडे कशाला तरी चिकटून राहणारा एवढा एकच रुपया आहे. बाकीचे पगाराला येतात आणि आठवड्यात जातात. रुपया देताना आजी म्हणाली होती, "हरवला तर गेला म्हनू नको लेकरा, कुठं गेला ते बघ."

परवा बारावीतले आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, निकेल वाफ होऊन उडून जातं." मला मुळीच नवल वाटलं नाही. आम्ही बी. कॉम. पैशाची वाफ होणं हा आमच्या अभ्यासाचाच विषय. पण त्याने पुढे सांगितलेल्या गोष्टीने माझी झोप उडाली.

लुडविग मोंड या मूळच्या जर्मन रसायनतज्ज्ञाचा इंग्लंडात सोड्याचा कारखाना होता. तिथल्या निकेलच्या झडपा भराभर खराब होऊ लागल्या. मी असतो तर 'घसारा' असं लिहून चहाला गेलो असतो. मोंड मात्र अडून बसला : निकेल गेलं कुठं? कार्ल लँगर आणि फ्रेडरिक क्विंके या सहकाऱ्यांसह त्याने निकेलच्या भुकटीवरून कार्बन मोनॉक्साइड सोडून पाहिला. बाहेर पडणारा विषारी वायू ते जाळून टाकीत. नळी थंड होऊ लागली आणि ज्योतीचा रंगच पालटला. ज्योतीत चिनी मातीचा थंड तुकडा धरला, तर त्यावर निकेलचे डाग! चोर सापडला. साल 1890.

हिशेब असा : निकेलचा एक अणू या वायूचे चार रेणू धरतो. ते त्याला इलेक्ट्रॉन देतात, तो त्यांना परत देतो. खात्यावर शिल्लक शून्य. असं तयार झालेलं निकेल कार्बोनिल म्हणजे आमचा नृसिंहच. ना धड धातू, ना धड वायू; उंबरठ्यावरचं. 43 अंशांना उकळतं, म्हणजे परभणीच्या मे महिन्यात स्टोव्हदेखील नको. कोपही तसाच, भयंकर विषारी. आणखी दोनेकशे अंशांपर्यंत तापवलं की शुद्ध निकेल बाजूला पडतं आणि वायू पुन्हा कामाला मोकळा. मुद्दल शाबूत! वेल्समधल्या क्लिडाखला 1902 पासून याच रीतीने निकेल शुद्ध होऊ लागलं.

आता झोप उडाली ती का, ते सांगतो. त्याच दिवशी माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये कमी भरले होते. मी खिशातून भरले आणि मोठ्या मनाचा माणूस म्हणून घरी आलो. पण निघताना सगळ्यांची नजर आमच्या शिपायाकडे गेली होती. माझीही. कोणी काही बोललं नाही; त्यालाच सभ्यपणा म्हणतात.

सकाळी तासभर आधी जाऊन सगळ्या स्लिपा तपासल्या. एकीवर 5,400 होते. पैसे तेवढेच दिले होते. कॉम्प्युटरवर मात्र 4,900. बोटं माझीच.

सगळे जमल्यावर मोठ्याने सांगितलं, "चूक माझी." शिपाई काही बोलला नाही. थोड्या वेळाने चहा घेऊन आला. मी उभा राहून कप घेतला.

"दहा रुपये, साहेब," तो म्हणाला.

खिशात एकच रुपया होता. निकेलचा.