‘स्वभावाला औषध नाही’ हे कितपत खरे? व्यक्तिमत्त्वाच्या प्रमुख सिद्धांतांची ओळख

वार्ताहर

देऊळघाट (जि. बुलढाणा) : ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. परंतु स्वभाव म्हणजे नेमके काय, तो येतो कोठून आणि तो बदलतो की नाही, हे प्रश्न मानसशास्त्राने शंभराहून अधिक वर्षे अभ्यासले आहेत. बारावीच्या पुस्तकात आणि पदवीच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमात ‘व्यक्तिमत्त्व’ हे प्रकरण असते ते यासाठीच. देऊळघाटसारख्या गावातून बुलढाण्याच्या महाविद्यालयात जाऊन हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र ते प्रकरण अनेकदा नावांची आणि सनांची जंत्री वाटते. प्रत्येक सिद्धांत कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे ध्यानात घेतले तर ही जंत्री सुटसुटीत होते.

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. एक विद्यार्थिनी रोज एसटीने महाविद्यालयात येते. तिला उत्तरे ठाऊक असतात. पण ती वर्गात कधीही हात वर करीत नाही. असे का?

मनोविश्लेषण : रुग्णांच्या कथनातून

व्हिएन्नातील सिग्मंड फ्रॉइड (१८५६-१९३९) यांचा पुरावा म्हणजे त्यांच्याकडे उपचारासाठी येणारे रुग्ण. इदम्, अहम् आणि पराहम् ही मनाची त्रिविध रचना त्यांनी १९२३ साली मांडली. इदम् सुखाची मागणी करतो, पराहम् नीतीचा धाक घालतो आणि अहम् वास्तवाचे भान ठेवून दोहोंत तडजोड घडवितो. आपल्या विद्यार्थिनीच्या अबोलपणामागे बालपणातील दडपलेला एखादा संघर्ष असावा, असे फ्रॉइडवादी म्हणतील.

फ्रॉइड यांचे सहकारी पुढे वेगळे झाले. आल्फ्रेड ॲडलर यांनी कमीपणाच्या भावनेवर आणि तिच्यावर मात करण्याच्या धडपडीवर भर दिला. मराठीत सर्रास वापरला जाणारा ‘न्यूनगंड’ हा शब्द त्याच विचारातून आला. कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख व बहिर्मुख असे प्रकार मांडले. या परंपरेवरील मुख्य आक्षेप असा, की तिची अनेक विधाने तपासून खोटी ठरविण्याची सोय नाही आणि मोजक्या रुग्णांवरून सर्व माणसांविषयी निष्कर्ष काढले गेले.

गुणविशेष : शब्दकोशातून मोजपट्टीकडे

गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेचले. माणसामाणसांतील महत्त्वाचे फरक भाषेत उमटलेलेच असतात, हे त्यामागील गृहीतक. रेमंड कॅटेल यांनी घटक विश्लेषण या संख्याशास्त्रीय पद्धतीने हा पसारा १६ घटकांवर आणला. हान्स आयझेंक यांनी त्याहूनही मोजके घटक मानले. आज सर्वाधिक वापरले जाते ते पाच घटकांचे प्रारूप : नवानुभवाची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्यशीलता आणि भावनिक अस्थिरता.

या मोजपट्टीवर आपली विद्यार्थिनी बहिर्मुखतेत खालच्या बाजूस असेल. मात्र हे वर्णन झाले, कारण नव्हे. ‘ती अबोल का? कारण ती अंतर्मुख आहे. ती अंतर्मुख कशावरून? कारण ती अबोल आहे,’ असे चक्र येथे सहज तयार होते. हा धोका ओळखणारा विद्यार्थी परीक्षेत वेगळा उठून दिसतो.

वर्तन आणि सामाजिक अध्ययन : प्रयोगशाळेतून

बी. एफ. स्किनर यांनी उंदीर व कबुतरांवर प्रयोग करून दाखविले, की ज्या वर्तनाला प्रबलन मिळते ते टिकते. आल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ च्या प्रसिद्ध बाहुलीच्या प्रयोगात ७२ मुलांचे निरीक्षण केले. मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेली मुले तसेच वागली. म्हणजे बक्षीस वा शिक्षा नसतानाही माणूस नुसते पाहून शिकतो. पुढे १९७७ साली बांडुरा यांनी ‘स्वयंक्षमता’, म्हणजे ‘हे मला जमेल’ हा विश्वास, ही संकल्पना मांडली. विद्यार्थिनी एकदा चुकली आणि वर्ग हसला, तर तिने गप्प राहणे शिकले असेल. जे शिकले ते बदलता येते, ही या दृष्टिकोनाची जमेची बाजू.

वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली आणखी पुढचा प्रश्न विचारला : माणूस सर्वत्र सारखाच वागतो काय? वर्गात मुकी असणारी मुलगी बचत गटाच्या बैठकीत किंवा घरी भरभरून बोलत असेल. या वादातून व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंचा एकत्रित विचार रूढ झाला.

मानवतावाद : समुपदेशनातून

कार्ल रॉजर्स आणि अब्राहम मॅस्लो यांनी माणसाच्या विकासक्षमतेवर भर दिला. मॅस्लो यांची गरजांची श्रेणी १९४३ ची. रॉजर्स यांच्या मते ‘मी कसा आहे’ आणि ‘मी कसा असावा’ यांतील अंतर वाढले की माणूस अस्वस्थ होतो आणि विनाअट स्वीकार मिळाला की तो फुलतो. ही भूमिका समुपदेशनात अतिशय उपयुक्त ठरली. परंतु ‘आत्मवास्तविकीकरण’ यासारख्या कल्पना मोजणे कठीण, हा आक्षेप कायम आहे.

आपल्याकडील विचार

स्वभावाचे वर्गीकरण ही केवळ पाश्चात्त्यांची मक्तेदारी नाही. सत्त्व, रज, तम हे त्रिगुण आणि आयुर्वेदातील वात, पित्त, कफ प्रकृती सर्वांना परिचित आहेत. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांपासून पढतमूर्खापर्यंत माणसांची बारकाईने वर्णने केली आहेत. फरक इतकाच, की त्या वर्णनांचा हेतू उपदेशाचा आहे, मोजमापाचा नव्हे. तुलना करताना हा फरक नोंदवावा.

मग स्वभाव बदलतो काय?

जुळ्यांच्या अभ्यासांतून असे दिसते, की व्यक्तिमत्त्वातील फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेकडे जातो. उरलेला वाटाही लहान नाही. वाढत्या वयाबरोबर कर्तव्यदक्षता सर्वसाधारणपणे वाढते. २०१७ साली ब्रेंट रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात मानसोपचारानंतर व्यक्तिमत्त्वात, विशेषतः भावनिक स्थैर्यात, बदल झाल्याचे आढळले. आल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराची भूमिकाही विचार बदलले तर भावना बदलतात, अशीच आहे. महाराष्ट्रात तिचा परिचय कि. मो. फडके यांनी करून दिला. म्हणजे म्हण अर्धीच खरी.

उरलेली अर्धी बाजू समजणे आपल्या भागात विशेष गरजेचे आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विशेष मदत योजना जाहीर केली, त्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. सतत उदास राहणारा, कोणात न मिसळणारा, झोप उडालेला माणूस ‘स्वभावानेच तसा’ म्हणून दुर्लक्षिला गेला, तर उपचार करता येण्याजोगा आजार नजरेआड होतो. पूर्वी मोकळेपणाने वागणारा माणूस काही आठवड्यांत पालटला असेल, तर तो स्वभाव नव्हे, लक्षण असू शकते. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य सल्ला मिळतो.

अभ्यास कसा करावा?

प्रत्येक सिद्धांतासाठी वहीत चार रकाने आखावेत : पुरावा कोठून आला, स्वभावाचे कारण काय मानले, बदल शक्य मानला काय आणि मुख्य आक्षेप कोणता. त्यानंतर वर्तनाचे एकच उदाहरण सर्व सिद्धांतांना लावून पाहावे. नावे आणि सने मग आपोआप लक्षात राहतात. मासिकांतील वा मोबाइलवरील ‘तुमचा स्वभाव ओळखा’ छापाच्या चाचण्यांना प्रमाणित चाचणी समजू नये. चाचणीची विश्वसनीयता आणि वैधता तपासलेली आहे काय, हे आधी विचारावे. आणि वर्गात शिकलेली लेबले मित्रांना अथवा घरच्यांना चिकटवू नयेत. हे सिद्धांत माणूस समजून घेण्यासाठी आहेत, त्याच्यावर शिक्का मारण्यासाठी नव्हेत.