देव ‘नसणे’ आणि देव न ‘मानणे’

देवळाची पायरी न चढणाऱ्याबद्दल मराठवाड्यातल्या सोनपेठ-गंगाखेडकडचा माणूस ‘तो नास्तिक आहे’ असे क्वचितच म्हणेल. ‘देव मानीत नाही’ म्हणेल. अर्थ एकच वाटतो, पण मुळे फार लांबची आहेत.

पाणिनीने ‘अस्ति’, ‘नास्ति’ या क्रियारूपांनाच प्रत्यय लावून ‘आस्तिक’, ‘नास्तिक’ साधले आणि शेजारी दैववादी ‘दैष्टिक’ बसवला. काय ‘आहे’ किंवा ‘नाही’, हे तो सांगत नाही. टीकाकार सांगतात: परलोक. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. ईश्वराचा पत्ता दोन्हीकडे नाही! म्हणूनच निरीश्वर सांख्य आस्तिक दर्शनांत मोडते, आणि जिंतूरजवळ नेमगिरीच्या लेण्यांत तीर्थंकरांपुढे हात जोडणारे जैन मात्र, परलोक मानूनही, वेद न मानल्यामुळे नास्तिकांत. ‘नास्तिक’ला ‘निरीश्वर’चा अर्थ पुढे हळूहळू चिकटला असावा, आणि आगरकरांच्या ‘सुधारक’च्या (1888) काळात नव्या बुद्धिवादाने तो पक्का केला असावा.

‘मानणे’ मात्र ‘अस्’ धातूच्या गावचे नाही. ते ‘मन्’ धातूचे: विचार करणे, समजणे; त्याच कुळातला ‘मान’ म्हणजे आदर. ‘पोरगा बापाला मानीत नाही’ म्हणताना बाप नाही असे कोण म्हणते? तिथे नाते नाकारलेले असते. गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाला खुशाल शिव्या घालते, तरी मानते. निजामाच्या राजवटीत, म्हणजे 1948पर्यंत, या मुलखाच्या कचेरीत उर्दू होती. तिच्यातला ‘मुनकिर’ याच अंगाचा दिसतो: अरबी ‘न-क-र’, म्हणजे ओळख न देणे. आपला ‘इन्कार’ त्याच धातूचा. संस्कृत ‘नकार’शी त्याचे साम्य फक्त कानाला.

‘श्रद्धा’ही अस्तित्वाबद्दल बोलत नाही. ‘श्रत्’ आणि ‘धा’: बहुधा ‘हृदय ठेवणे’. लॅटिन ‘क्रेदो’ तिची सख्खी बहीण. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. देव आहे की नाही हा तिचा प्रश्न नव्हता; हृदय कुठे ठेवले जाते आणि त्यातून कोण लुबाडले जाते, हा होता. तरी विरोधकांनी ‘नास्तिक’ हाच शिक्का मारला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर महाराष्ट्रात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या शीर्षकात नरबळी, अघोरी प्रथा, जादूटोणा आहेत. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही.

आजच्या वादात बुद्धिवादी ‘नाही’ म्हणतो तेव्हा भाविकाला ‘मानीत नाही’ ऐकू येते, आणि प्रमाणाचा प्रश्न अपमानाचा होऊन बसतो. ईश्वर नाकारणाऱ्याला ‘निरीश्वरवादी’च म्हणावे, शब्द जुना आहे, नेमका आहे आणि त्यात शिवी नाही.

मराठवाड्याच्या बोलीत ‘मुनकिर’ देवाच्या संदर्भात कुणी ऐकला असेल, तर वाक्यासकट जरूर कळवावे.