दलाली: टॉवेलाखालची आणि पाकिटातली



आज थोडं जुनं, थोडं माझं.

लहानपणी बैलबाजारात वडिलांचं बोट धरून जायचो. दलाल टॉवेलाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. भाव झाकलेला, पण दलाली उघड. बैल दावणीतून सुटला की तो चारचौघांत हात पुढं करायचा. सौदा मोडला तर पैसा नाही. पुढं बी.कॉम.ला १८७२ चा करार कायदा आला. कलम २१९ म्हणतं, वेगळं ठरलं नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. म्हटलं, हे तर बाजारातलंच!

मध्यस्थांवरचा राग आपल्याकडं जुना. १९८१ साली शरद जोशींच्या मागं निपाणीचे तंबाखू शेतकरी हमरस्त्यावर बसले; ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. दुखणं एकच, माल आपला आणि भाव दुसऱ्याचा.

नंतर बाजार जमिनीचा झाला. कर्नाटकात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला बंदी होती, ती २०२० मध्ये उठली. तोवर नोकरदाराचा पैसा बिगरशेती प्लॉटकडंच वळायचा. आणि असा पैसा आणून द्यायला आमच्यासारखे निवृत्त बँकवाले बरे. लोकांचा विश्वास तयार असतो ना!

मीही त्यातलाच. २०१२ साली बेळगावातल्या एका लेआउटवाल्याकडं मित्राला नेलं. त्यानं फंडातले ८ लाख गुंतवले. दुसऱ्या दिवशी मला पाकीट आलं, १६ हजार. मित्राला सांगितलं नाही. बिगरशेतीचा आदेश काही आला नाही, पैसे अडकले. दीड वर्षानं तो घरी आला.

"तू सांगितलास म्हणून दिलो की रे. तुला काय मिळालं?"

मी पाकीट पुढं केलं. त्यानं हात लावला नाही. चार वर्षांनी मुद्दल तुकड्यातुकड्यानं परत आली, व्याज नाही.

त्या १६ हजारांपेक्षा ते लपवलं, हेच त्याला लागलं. आज रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पात मोबदला घेऊन गिऱ्हाईक गाठून देणारा एजंट ठरतो, त्याला नोंदणी लागते. बेकायदा ठेव योजनेत लोकांना ओढणं तर २०१९ च्या कायद्यानं गुन्हाच. पण कायदा नसता तरी हिशोब सोपा होता. आकडा आधी दोघांसमोर सांगायचा. नुसती ओळख करून दिली तर ठरावीक रक्कम. उतारे, मोजणी, कचेरी केली तर टक्का. पैसे चेकनं, तेही खरेदीपत्र नोंदल्यावर. व्यवहार फिरला तर दलालीही परत.

सकाळी फिरायला आम्ही दोघंही जातो. तो दुसऱ्या बाकावर बसतो.

तुमच्या गावात दलालीची रीत काय होती? जरूर लिहा.