न टाकलेली पत्रे : 'सेंत्राल दो ब्राझील' आणि भुकेच्या सौंदर्यशास्त्राचा वाद

१९९० साली ब्राझीलचे अध्यक्ष फेर्नांदो कोलोर यांनी 'एम्ब्राफिल्मे' ही शासकीय चित्रपटसंस्था मोडीत काढली आणि तेथील चित्रपटनिर्मिती जवळजवळ ठप्प झाली. १९९३ च्या दृक्‌श्राव्य कायद्याने करसवलतींच्या मार्गाने खाजगी पैसा पुन्हा चित्रपटांकडे वळविला. ह्या पुनरारंभाच्या काळात वॉल्टर सालेस यांचा 'सेंत्राल दो ब्राझील' (१९९८) निर्माण झाला. बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळाले.

निवृत्त शिक्षिका दोरा आणि आईच्या अपघाती मृत्यूने पोरका झालेला झोझुए यांच्या मैत्रीची ही कथा. तथापि वयातील अंतर हे ह्या चित्रपटातील मूलभूत अंतर नव्हे. ते अक्षराच्या मालकीचे आहे. दोरा रिओच्या रेल्वेस्थानकात निरक्षरांची पत्रे पैसे घेऊन लिहून देते आणि त्यांतली बरीचशी टाकतच नाही. ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताधिकार मिळाला तो १९८५ मध्ये, हे ध्यानी घेतले म्हणजे दोराच्या खणाला निव्वळ स्वभावदोषापलीकडचा अर्थ प्राप्त होतो.

ग्लाउबेर रोशा यांनी १९६५ मध्ये 'भुकेचे सौंदर्यशास्त्र' मांडले. त्याला उद्देशूनच इवाना बेंतेस यांनी पुढे 'भुकेचे प्रसाधन' असा शब्दप्रयोग करून नव्या चित्रपटांवर ठपका ठेवला : 'सिनेमा नोवो'तील रखरखीत, हिंस्र सेर्ताओ आता नेत्रसुखद झाला आहे. चित्रपटाच्या उत्तरार्धापुरता हा आक्षेप मान्य करावा लागतो. सुतारकाम करणाऱ्या सावत्र भावांचे नेटके घर हे दारिद्र्याला दिलेले फारच सोयीचे उत्तर आहे.

स्थानकातील दृश्यांना मात्र तो लागू पडत नाही. मांडलेल्या टेबलापाशी खरोखरीचे प्रवासी येऊन आपापली पत्रे सांगू लागले. प्रारंभी दिसणाऱ्या सोकोरो नोब्रे यांनी तुरुंगातून शिल्पकार फ्रान्स क्राजबर्ग यांना पत्र लिहिले होते. त्यावर सालेस यांनी १९९५ मध्ये अनुबोधपटही केला होता. हे चेहरे प्रसाधित नाहीत.

आणि मैत्रीचा कस लागतो तोही वाचनातच. बेपत्ता बापाचे पत्र भावांना वाचून दाखविताना दोरा त्यात नसलेले झोझुएचे नाव घालते. पत्रे दडपणारी सत्ताच येथे, पुन्हा असत्याच्याच आधारे, मुलाला घर मिळवून देते. बेंतेस यांची समीक्षा प्रतिमेपाशी थांबते, ती अक्षरापर्यंत पोचत नाही. पहाटेच्या बसमध्ये दोरा प्रथमच स्वतःचे पत्र लिहिते; ते टाकले गेले की नाही, हे चित्रपट दाखवीत नाही.