६०० स्वार आणि १५१ भांडी



हजेरीपटावरची नावे लावता लावता मी वाचायला शिकलो. त्यामुळे इतिहासाचे पुस्तक उघडले की राजाच्या नावाआधी मी कामकऱ्यांची नावे शोधतो. आजच्या विषयात ती मला सापडली नाहीत, म्हणूनच हा विषय घेतला.

ज्याला आपण चिनीमाती म्हणतो, तिच्या भांड्यांनी अठराव्या शतकात युरोपातील राजांना वेड लावले होते. बर्लिनच्या शार्लोटनबुर्ग वाड्यात एका दालनाच्या भिंती या भांड्यांनी थेट छतापर्यंत मढविल्या होत्या. १७१७ साली सॅक्सनीच्या ऑगस्टसने प्रशियाच्या राजाला आपले ६०० स्वार देऊन १५१ चिनी भांडी घेतली. हिशेब करा: भांड्यामागे जवळजवळ चार माणसे! त्यांतल्या मोठ्या बरण्या ड्रेस्डेनला अजून आहेत.

आता दुसरा हिशेब पाहू. ही भांडी घडत चिंगदेचेन या गावी. तेथे राहिलेला फ्रेंच पाद्री दांत्रकोल याने १७१२ साली लिहून ठेवले आहे, की एक भांडे सत्तर माणसांच्या हातांखालून जाते. एकाने फक्त काठाची रेघ ओढायची, दुसऱ्याने फुलाची आकृती काढायची, तिसऱ्याने रंग भरायचा. आंधळे-पांगळेसुद्धा रंग घोटून पोट भरीत.

पुढे बरीच कोरी भांडी नावांतून आणि मेइलिंग खिंडीतून हमालांच्या खांद्यांवरून कँटनला येऊ लागली. तेथे गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे ती रंगवीत व पुन्हा भट्टीत घालीत. १७६९ साली विल्यम हिकी या इंग्रजाने तेथील एका कारखान्यात शंभरावर माणसे रंगकामाला बसलेली पाहिली. त्यांत अगदी म्हातारे होते, तशी सहा-सात वर्षांची पोरेही होती.

युरोपातील घराणी आपल्या कुलचिन्हाचे चित्र पाठवीत आणि ते ताटावर हुबेहूब उतरे. म्हणजे ताटावर जेवणाऱ्याची खूण आहे, रंगविणाऱ्याची नाही.

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमविलेली चिनी भांडी आहेत. ती अवश्य पाहा. संग्रह करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जपली म्हणून ती आपल्याला दिसतात. पण काचेपाशी क्षणभर थांबा. काठाची रेघ एकाची, फूल दुसऱ्याचे, रंग तिसऱ्याचा. हजेरीपट हरवला आहे. हजेरी मात्र तेथे लागलेली आहे.