कावळा, फांदी आणि ॲरन ग्विनचा संघबदल

१/
सलग दोन वर्षे विश्वचषक मालिका जिंकणारा खेळाडू आपला संघ सोडून प्रतिस्पर्धी सायकल कंपनीकडे जातो आणि पुढल्याच वर्षी त्याला एकही शर्यत जिंकता येत नाही. केलेल्या दगाबाजीचे हे फळ, असा अर्थ चाहत्यांनी काढावा यात नवल नाही. पण हा अर्थ पुराव्यावर टिकतो का? अमेरिकन माउंटन बाइकपटू ॲरन ग्विन याच्या संघबदलाचा हा इतिहास. #धागा

२/
प्रथम खेळाची ओळख. ‘डाउनहिल’ शर्यतीत डोंगराच्या वरच्या टोकापासून एकेक स्पर्धक एकटाच सुटतो. दगड, मुळे, उड्या आणि चिखल यांतून साधारण ३ ते ५ मिनिटांत तो पायथ्याशी पोहोचतो. सर्वांत कमी वेळ ज्याचा, तो विजेता. येथे सहकाऱ्याच्या आडोशाने जाण्याची सोय नाही. माणूस, सायकल आणि घड्याळ, एवढाच हिशेब.

३/
एक भेद ध्यानात असावा. विश्वविजेतेपद एका दिवसाच्या शर्यतीत ठरते. विश्वचषक ही मात्र वर्षभर निरनिराळ्या देशांत चालणारी मालिका असून प्रत्येक फेरीच्या गुणांची बेरीज करून तिचा विजेता ठरतो. ग्विनची कीर्ती या दुसऱ्या प्रकारातली आहे.

४/
या खेळाचे मूळ कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात सापडते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे ‘रिपॅक’ नावाची उतारावरील शर्यत सुरू झाली. जुन्या, जड सायकलींच्या मागच्या ब्रेकमधील ग्रीस उतरताना अक्षरशः जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. तेव्हा ना प्रायोजक होते, ना करार.

५/
पुढील दीड दशकात चित्र पालटले. १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टम्पजम्पर’ ही मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली माउंटन बाइक बाजारात आणली. १९९० मध्ये कोलोराडोतील दुरँगो येथे पहिली अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा भरली. १९९३ पासून डाउनहिलची विश्वचषक मालिका सुरू झाली. छंदाचा धंदा झाला आणि शर्यतपटू हा कंपनीची चालती-बोलती जाहिरात बनला.

६/
या व्यवहाराची रचना समजून घेतल्यावाचून वाद कळणार नाही. संघाला नाव सायकल कंपनीचे असते, पण अनेकदा तो चालवतो स्वतंत्र व्यवस्थापक. कंपनीकडून पैसा आणि सायकली घ्यायच्या, टायर-सस्पेन्शनसाठी वेगळे प्रायोजक मिळवायचे, मेकॅनिक नेमायचे आणि हे सारे एखाद्या नामांकित खेळाडूच्या भरवशावर उभे करायचे, हे त्याचे काम. म्हणून तो खेळाडू निघून गेला की केवळ एक जागा रिकामी होत नाही. ज्याच्या नावावर प्रायोजक गोळा झाले, तो खांबच निघतो.

७/
तरीही संघबदल या खेळाला नवा नव्हता. जॉन टोमॅक १९९० मध्ये येटीच्या सायकलवर होता. १९९१ मध्ये तो रॅलीकडे गेला आणि त्याच वर्षी इटलीत क्रॉस-कंट्रीचा विश्वविजेता ठरला. त्याच्या त्या बदलाकडे आज कोणी दगाबाजी म्हणून पाहत नाही. यशाने संघबदलाला ‘योग्य निर्णय’ हे नाव मिळते, हा धडा पुढे उपयोगी पडेल.

८/
ग्विनचा जन्म १९८७ चा. लहानपणी बीएमएक्स, मग मोटोक्रॉस. दुखापतींमुळे मोटोक्रॉस सुटले. २००८ मध्ये तो डाउनहिलकडे वळला आणि त्याच वर्षी कॅनडातील माँ-सँत-ॲन येथे आपल्या पहिल्याच विश्वचषक शर्यतीत पहिल्या १० जणांत आला. त्या काळात तो येटीच्या संघात होता.

९/
२०११ च्या हंगामासाठी त्याने येटी सोडून ट्रेक वर्ल्ड रेसिंगची वाट धरली. हा संघ चालवत होते मार्टिन व्हाइटली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघात काम केलेले आणि त्याआधी होंडाचा डाउनहिल संघ उभा करणारे हे ऑस्ट्रेलियन व्यवस्थापक या क्षेत्रातले जुनेजाणते. म्हणजेच ज्या संघबदलावरून पुढे वाद झाला, तो ग्विनचा पहिला संघबदल नव्हता.

१०/
फळ तत्काळ मिळाले. २०११ ची पहिली फेरी दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग येथे होती. १८९३ मध्ये गांधीजींना रेल्वेतून उतरवले गेले, ते हेच गाव. तेथे ग्विनने आपली पहिली विश्वचषक शर्यत जिंकली. त्या वर्षी ७ पैकी ५ फेऱ्या त्याच्या झाल्या आणि पुरुषांची डाउनहिल मालिका जिंकणारा तो पहिला अमेरिकन ठरला.

११/
२०१२ मध्ये ७ पैकी ४ फेऱ्या आणि पुन्हा मालिका. ग्विन, व्हाइटली आणि ट्रेक हे त्रिकूट अभेद्य वाटू लागले होते. अशा वेळी, २०१३ उजाडला तेव्हा, ग्विन स्पेशलाइज्डचा झाला. अमेरिकेच्या बाजारपेठेत ट्रेक आणि स्पेशलाइज्ड यांची स्पर्धा किती जुनी, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना या बातमीचा धक्का अधिक बसला.

१२/
संघाच्या बाजूने विचार केला तर नाराजी समजण्यासारखी आहे. ज्या व्यवस्थेने खेळाडूला शिखरावर नेले, तिला तो शिखरावर असतानाच सोडून गेला. नव्या हंगामाला थोडेच महिने उरलेले असताना त्याच्या तोडीचा दुसरा खेळाडू मिळणे जवळपास अशक्य, कारण उत्तम खेळाडूंचे करार तोवर झालेले असतात.

१३/
खेळाडूच्या बाजूचा युक्तिवादही तितकाच सबळ आहे. डाउनहिलमध्ये एका पडण्याने कारकीर्द संपू शकते, कमाईची वर्षे मोजकी असतात आणि बाजारात किंमत असते ती जिंकत असेपर्यंतच. पराभवानंतर कंपनी खेळाडूला सोडते तेव्हा त्यास व्यवहार म्हणायचे आणि विजयानंतर खेळाडू कंपनीला सोडतो तेव्हा त्यास कृतघ्नता म्हणायचे, ही दोन मापे झाली. त्याच हिवाळ्यात तीन वेळचा विश्वविजेता सॅम हिल स्पेशलाइज्ड सोडून दुसरीकडे गेला होता, हेही विसरता येत नाही.

१४/
मग आला २०१३ चा हंगाम. फेऱ्या ६ होत्या. दोन ब्रिटनच्या जी ॲथर्टनने जिंकल्या, एक फ्रान्सच्या रेमी थिरियॉनने आणि तीन कॅनडाच्या स्टीव्ह स्मिथने. मालिकाही स्मिथचीच झाली. ग्विनच्या नावावर एकही विजय नाही. कथा जणू स्वतःच लिहिली गेली : संघ सोडला, म्हणून सारे गमावले.

१५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथेच थांबून प्रश्न विचारायला हवा. ही कथा खरी असेल, तर तिच्यातून आणखी काही गोष्टी निघायला हव्यात. पहिली : यशाचे रहस्य जुन्या संघात आणि जुन्या सायकलीत असेल, तर २०१३ मध्ये ट्रेकने जिंकायला हवे होते. विजेत्यांची वरील यादी पुन्हा पाहा. ॲथर्टन जीटीच्या, थिरियॉन कमेन्सालच्या, स्मिथ देविन्चीच्या सायकलवर होता. पुरुषांत ट्रेकच्या वाट्यालाही एक विजय आला नाही.

१६/
दुसरी : नवी सायकलच वाईट असेल, तर तिच्यावर कोणालाच जिंकता येऊ नये. २०१४ ची पहिली फेरी पुन्हा पीटरमारित्झबर्गला झाली आणि ती ग्विननेच जिंकली, स्पेशलाइज्डवर. त्याच वर्षी फोर्ट विल्यमची अवघड फेरी त्याचा संघसहकारी ट्रॉय ब्रॉस्नन याने जिंकली. सायकलीवरचा आरोपही गळून पडतो.

१७/
तिसरी : संघ बदलल्याने घसरण होते असे म्हणावे, तर २०११ चे काय? तोही संघबदलच होता आणि त्याने तर उत्कर्ष झाला.

१८/
ऑस्ट्रियातील लिओगांग येथे २०१५ मध्ये जे घडले, ते या खेळाच्या स्मरणात कायमचे कोरले गेले. सुटतानाच ग्विनच्या सायकलीची चेन तुटली. पेडल मारणे शक्यच नव्हते. केवळ उताराचा वेग, वळणांतला तोल आणि अंगाच्या रेट्याने साधलेली गती यांच्या बळावर तो खाली आला आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी फरकाने जिंकला. त्या वर्षीची मालिकाही त्याचीच, कारकिर्दीतली तिसरी.

१९/
आणि आता या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा. २०१६ साठी ग्विनने स्पेशलाइज्डही सोडले आणि तो वायटी या जर्मन कंपनीच्या नव्या संघात गेला. तो संघ चालवत होते मार्टिन व्हाइटली! ज्यांचा संघ सोडल्यावरून वाद झाला, त्यांच्याच व्यवस्थापनाखाली ग्विनने २०१६ आणि २०१७ या दोन्ही मालिका जिंकल्या. एकूण मालिका पाच झाल्या.

२०/
२०१९ मध्ये तो इंटेन्सकडे गेला. त्यानंतर मालिका त्याला पुन्हा मिळाली नाही. आता चारही संघबदल ओळीने मांडू. येटीहून ट्रेक : उत्कर्ष. ट्रेकहून स्पेशलाइज्ड : एक रिकामे वर्ष, मग विजेतेपद. स्पेशलाइज्डहून वायटी : लगोलग विजेतेपद. वायटीहून इंटेन्स : उतार. एकाच कृतीचे हे चार निरनिराळे परिणाम आहेत. मग ती कृती त्यांचे एकमेव कारण कशी असेल?

२१/
आपल्याकडे यास ‘काकतालीय न्याय’ म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, पण म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी तुटली असे होत नाही. एखादी घटना दुसरीच्या नंतर घडली, एवढ्यावरून ती तिच्यामुळे घडली हे सिद्ध होत नाही.

२२/
याचा अर्थ संघबदलाचा २०१३ वर काहीच परिणाम झाला नसेल, असा नव्हे. नवी सायकल अंगवळणी पडायला वेळ लागतो. सस्पेन्शनचा, टायरच्या हवेचा, हँडलच्या उंचीचा मेळ नव्याने बसवावा लागतो. आणि जेथे निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो, तेथे एवढे अंतरही पुरते. शिवाय त्या वर्षी स्मिथ आणि ॲथर्टन कारकिर्दीतील उत्तम भरात होते. पराभवाची कारणे अनेक असतात. ‘शिक्षा’ या एका शब्दात त्यांना कोंबले की शोध थांबतो.

२३/
दरबार बदलणारे सरदार, राजवट बदलणारे मुत्सद्दी, पक्ष बदलणारे नेते यांच्याविषयी वाचतानाही हीच सावधगिरी हवी. पुढे यश आले तर त्यास दूरदृष्टी म्हणतात, अपयश आले तर फितुरी. दोन्ही शब्द शेवट ठाऊक झाल्यावर लावलेले असतात. निर्णय घेतला त्या दिवशी त्या माणसासमोर काय होते, हे आधी पाहावे. निकाल त्यानंतर द्यावा.